डोळ्यांवरची ज्वारी

आमच्या घरात झोप न येण्याची तक्रार कुणाचीच नाही. आमचे हे बातम्या लावून बसतात आणि हवामानाचा अंदाज यायच्या आत घोरायला लागतात. (सोलापुरात उद्या ऊन आहे की पाऊस, हे त्यांना लग्न झाल्यापासून कळलेलं नाही.) मला स्वतःला बसमध्ये दांडीला धरून उभ्याने झोप लागते. अशा घरात मी झोप येण्याची सुगंधी उशी शिवायला घेतली, आणि त्यापायी गावाकडचं आमचं एकरभर रान पेरायचं राहता राहता वाचलं.

दोष माझा नव्हता. दोष हळदीकुंकवाचा होता!

गणपतीच्या दिवसांत आमच्या कॉलनीत बायकांचं हळदीकुंकू असतं, दरवर्षी एकेकीच्या घरी. यंदा पाळी माझी. हळदीकुंकू म्हटलं की वाण आलं, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात काहीतरी भेट ठेवायची. मागच्या वर्षी शिंदेबाईंनी चहाची गाळणी दिली. त्याच्या आदल्या वर्षीही कुणीतरी गाळणीच दिली होती. आमच्या स्वयंपाकघरात आता चहापेक्षा गाळण्या जास्त आहेत. तेव्हा यंदा आपण असं काही द्यायचं की सगळ्या कॉलनीने तोंडात बोट घालावं, असं मी ठरवून टाकलं. तेवढ्यात फोनवर एक व्हिडिओ आला. त्यात एक बाई डोळ्यांवर इवलीशी उशी घेऊन पडली होती आणि झोपेत हसत होती. आत जवस भरायचं, लॅव्हेंडरच्या तेलाचे दोन थेंब टाकायचे, की झाली उशी. मला वाटलं, यात काय अवघड आहे?

पहिली उशी मी जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्याची शिवली, कारण चादरींना आमच्या घरात तोटा नाही. प्रयोगासाठी ह्यांना आडवं केलं. अर्ध्या तासाने हे उठले तेव्हा त्यांच्या कपाळावर अर्धा मोर उमटलेला होता! तो पुसून जाईना. हे तसेच ऑफिसला गेले आणि साहेबांनी त्यांना दोनदा "बरं आहे ना?" असं विचारलं.

दुसरी उशी मऊ कापडाची केली आणि चारही बाजूंनी पक्की शिवली. इतकी पक्की की जवस भरायला तोंडच ठेवलं नाही! ती उसवली. तिसरीला तोंड ठेवलं, पण उलटवायची विसरले, त्यामुळे सगळी शिवण बाहेर. चौथी मात्र जमली. तिच्यात मी घरातलं जवस भरलं. ते चटणीसाठी खमंग भाजून ठेवलेलं होतं, पण जवस ते जवस! हे पुन्हा आडवे झाले. मी उशी त्यांच्या डोळ्यांवर ठेवली आणि हलक्या आवाजात विचारलं, "कसं वाटतंय?"

"शांत."

"अजून?"

"शैला, भाकरी आहे का गं?"

हे उठून ताटावर जाऊन बसले. ज्या वासाने माणूस झोपेतून उठून जेवायला बसतो, तो वास डोळ्यांवर ठेवून काय उपयोग? मी जवसाचा नाद सोडला आणि मनात म्हटलं, आपलं जे आहे ते भरू. आपलं म्हणजे ज्वारी.

इथे आत्यांच्या डब्याची गोष्ट सांगायला हवी. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या आमच्याकडे शहरात राहतात, पण गौरी गावाकडे बसतात, मोहोळच्या पलीकडे, माझ्या धाकट्या दिराच्या घरी. शेती तेच बघतात. आम्ही गौरी जेवून त्याच दिवशी परतलो आणि आत्या तिथेच चार दिवस राहिल्या. त्यांच्या पलंगाखाली एक पत्र्याचा डबा असतो. तोंडाला फडकं, फडक्याला सुतळी, आत ज्वारी, ज्वारीत कडुलिंबाचा वाळलेला पाला. आमच्याकडे ज्वारी गावाकडूनच पोत्याने येते, त्यामुळे डब्यात ज्वारी सापडली याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तिच्या रूपाचं. टपोरी, पांढरीशुभ्र, सगळे दाणे एका मापाचे! स्वयंपाकघरातली ज्वारी तिच्यापुढे अगदीच गरीब दिसत होती.

"बघितलंत? आत्यांनी चांगला माल पलंगाखाली दडवलाय!" मी म्हटलं.

"आईला विचार आधी," हे म्हणाले.

"ज्वारी आहे हो, दागिने नाहीत!"

हे गप्प बसले. (हे एरवीही गप्पच बसतात. पण नंतर "मी सांगितलं होतं" असं म्हणायचा हक्क त्यांनी त्या एका वाक्यात कायमचा मिळवून ठेवला.)

कापडाचा प्रश्न ब्लाउजपीसांनी सोडवला. ओटीत आलेले ब्लाउजपीस कोणत्याही मराठी बाईच्या कपाटात शिगोशीग भरलेले असतात. ते कुणी शिवत नाही, फक्त पुढच्या ओटीत घालतं. मी ते प्रवासातून बाहेर काढले आणि त्यांना स्थिर आयुष्य दिलं. लॅव्हेंडरसाठी विजापूर वेशीकडे अत्तराच्या दुकानात गेले, तर तिथले चाचा म्हणाले, "वो लेके क्या करते बाजी? मोगरा लेव. एक बूंद डाले तो पूरी गल्ली महकती." मी मोगरा घेतला. आपल्याकडे एक थेंब पुरतो असं सांगितलं की आपण चार टाकतो. तसे मी टाकले, आणि शेवटी बाटलीच्या तळाशी थोडं उरलं म्हणून तेही टाकलं. शिवणयंत्र माहेरून आलेलं, पायाचं. ते खडखडत राहिलं, डबा रिकामा होत गेला आणि उशांचा ढीग वाढत गेला. तळाला राहिलेली थोडी ज्वारी मी तशीच ठेवली आणि फडकं सुतळीने पुन्हा बांधून टाकलं.

हळदीकुंकू दणक्यात झालं. बायकांनी उशा डोळ्यांवर ठेवून फोटो काढले. आमची सगळ्यांत तरुण शेजारीण रेश्मा तर सोफ्यावर आडवीच झाली आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही याचा बिझनेस करा!" मी लाजत लाजत आजूबाजूला पाहत होते. फक्त शिंदेबाई उशीकडे निरखून बघत होत्या. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत, पण त्यांच्या नजरेला अजून रजा मिळालेली नाही.

"शैला, हा पीस मी तुझ्या वास्तुशांतीला दिला होता."

"छे हो बाई! हा मी खास आणलाय."

"कोपऱ्यात निळ्या शाईचा ठिपका असेल. तो माझ्या हातून पडलेला आहे."

त्यांनी उशी उलटवली. ठिपका होता! मी घाईघाईने त्यांना आणखी एक करंजी वाढली.

आत्या गावाहून आल्या तेव्हा एक उशी मी त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. त्यांनी ती हातात घेऊन वर-खाली केली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

"काय हाय हे?"

"डोळ्यांवर ठेवायची उशी, आत्या. झोप लागते."

"झोपंला उशी डोक्याखाली लागती की गं! डोळ्यांवर कशाला? आन् आत काय भरलंस?"

"ज्वारी."

"ज्वारी?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला शाळेत असल्यासारखं वाटलं. "बरं. खायाला उरली न्हवं?"

"उरलीय की!" मी म्हणाले, आणि ते खरंच होतं, स्वयंपाकघरातली सगळी उरली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या खोलीत डोकावले तर बाईसाहेब उशी डोळ्यांवर घेऊन गाढ झोपलेल्या! मी ह्यांना हाताला धरून ते दृश्य दाखवायला नेलं. सासू आपल्या हातच्या वस्तूवर झोपली आहे, याहून मोठं प्रशस्तिपत्रक सुनेला कुठे मिळतं?

पुढे पंधरवडा मी हवेतच होते. मग परतीचा पाऊस आला, चांगला दणकून आला, आणि तो थांबला त्या संध्याकाळी धाकट्या दिरांचा, बाळूभाऊजींचा, फोन वाजला.

"वैनी, पाऊस लई झकास झाला बगा. परवा दिवशी वापसा येतोय. उद्या दुपारच्याला येतो बी न्यायला."

(वापसा म्हणजे पाऊस पडून गेल्यावर रान पेरायजोगं होतं ते दिवस. ते हुकले की ओल उडते आणि मग हात चोळत बसायचं.)

"कसलं बी, भाऊजी?"

"आवो हुरड्याच्या ज्वारीचं की! आईच्या पलंगाखाली डबा न्हाय का? हितं घुशींनी पार उच्छाद मांडलाय, म्हणून तर आईनं तितं नेऊन ठिवलं. तिला सांगा, सुतळी सोडून ठीव म्हनावं."

मी फोन ठेवला. म्हणजे तो माझ्या हातातून आपोआप ठेवला गेला. हुरड्याची ती ज्वारी मला माहीत होती. दर हिवाळ्यात मीच ती सगळ्यांत जास्त खाते! ती आत्यांच्या माहेरची. बाजारात ती मिळत नाही. आत्या दरवर्षी रानात जाऊन ज्वारीचं एकेक ताट बघत फिरतात, स्वतःच्या हाताने नेमकी कणसं खुडतात आणि त्यांचंच बी पुढच्या वर्षाला ठेवतात. तिचा हुरडा इतका गोड की थंडीत सोलापुरातून माणसं गाड्या करून भाऊजींच्या रानात हुरडा खायला येतात. भाऊजींच्या घराचा वर्षाचा मोठा आधार त्या एकरावर आहे. आणि ते अख्खं एकर मी मोगऱ्याचं अत्तर लावून कॉलनीभर वाटलं होतं!

ह्यांना सांगितलं. हे टीव्हीसमोर होते आणि चक्क जागे झाले. "परत मागून आण."

"वाण? परत? हळदीकुंकवाचं वाण कुणी परत मागतं का? उद्यापासून कॉलनीत कुणी मला कुंकू लावायचं नाही!"

"मग आईला सांग."

दोघांनीही आत्यांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आतून आमच्या उशीखालून शांत श्वास ऐकू येत होता. आमचं दोघांचंही तिथे जायचं धाडस झालं नाही.

संकटात माणसाला बुद्धी सुचते म्हणतात. मला सुचली ती कुबुद्धी होती, पण त्या वेळी फरक कळला नाही. सकाळी उठल्या उठल्या मी मोठी पिशवी घेतली आणि रेश्माचं दार वाजवलं.

"अगं, त्या उशीचा सुगंध पंधरा दिवसांनी उडतो. मी सगळ्यांच्या उशा नेऊन पुन्हा भरून देणार आहे. रिफिल! संध्याकाळी परत आणून देते."

"अय्या, सर्व्हिस पण आहे?" रेश्मा आनंदाने ओरडली. "वहिनी, मला यावेळी गुलाब चालेल! थांबा, मी ग्रुपवर टाकते, म्हणजे तुम्हाला दारोदार फिरायला नको."

"नको नको, ग्रुपवर नको!" असं मी म्हणेपर्यंत तिचा अंगठा दोनदा हलून थांबलाही होता.

पहिली आठ-दहा घरं विनासायास झाली. बायकांनी उशा काढून दिल्या, वर माझी काळजी केली, "किती करता हो सगळ्यांचं!" म्हणाल्या. माझी पिशवी जड होत गेली आणि मन हलकं होत गेलं. मग शिंदेबाईंचं दार आलं.

"उशी?" शिंदेबाई म्हणाल्या. "ती आम्ही खाल्ली."

"खाल्ली?"

"मी ती तपासायला उसवली. आत ज्वारी इतकी सुरेख की मला राहवेना. असली ज्वारी डोळ्यांवर ठेवायची असते का, शैला? दळून आणली. दोन भाकऱ्या झाल्या."

"मग... कशा झाल्या?"

"गोड झाल्या. पण मोगऱ्याच्या वासाने हे जेवताना सारखे दाराकडे बघत होते. म्हणाले, नवरी कधी यायची?"

मला तिथल्या तिथे रडायला येत होतं, पण शिंदेबाईंच्या समोर रडायला परवानगी लागते. मी आभार मानून निघाले. (कशाचे, ते अजून कळलेलं नाही.)

शेवटचं घर पद्माक्कांचं. त्यांच्या सासरी पूर्वी घरात माग होते. आता त्या आणि त्यांचे यजमान दोघंच राहतात. घरी तेलुगू बोलतात आणि माझ्याशी प्रेमळ मराठी. दार उघडताच त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"शैलाक्का, तुम्हालाच बोलवायला येणार होती मी! आत या, चमत्कार बघा की!"

त्यांनी मला थेट देवघरापुढे नेलं. देवांच्या पायाशी, पितळी ताटात, माझी उशी होती. आणि तिच्या जांभळ्या ब्लाउजपीसमधून हिरवेगार कोंब बोटभर वर आले होते!

"मला उन्हाचा लई त्रास. उशी रोज पाण्यात बुडवून डोळ्यांवर ठेवायची मी, गार वाटतंय म्हणून. मग एक दिवशी टोचायला लागलं. बघते तर हे! अम्मवारू देवीचं कृपा झालं आमच्या घरावर."

ताटापुढे उदबत्ती लावलेली होती. आता त्या ताटातून उशी उचलून पिशवीत टाकायची, तर मला देवही माफ करणार नव्हते आणि पद्माक्काही. मी नमस्कार केला, हातावर तीर्थ घेतलं आणि घरी आले.

घरी आले तर जिन्यातच गर्दी! रेश्माच्या निरोपात फक्त "शैलावहिनी आज सगळ्यांच्या उशा मोफत भरून देणार" एवढंच होतं. कोणत्या उशा, ते लिहिलंच नव्हतं. पलीकडच्या गल्लीतल्या बायका, ज्यांना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, त्या डोक्याखालच्या उशा घेऊन आल्या होत्या. एकीने दोन लोड आणले होते. एकीने गादी आणली होती आणि ती लिफ्टमध्ये अडकली होती! आत्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"शैले, कापूस पिंजायला घेतलास व्हय गं?"

"नाही आत्या, ते..."

"मग ह्या सगळ्या हितं काय करायल्यात? आन् ही बाई मला विचारती, माझा लोड कधी भरून मिळंल म्हणून!"

मी बायकांना काहीबाही सांगून वाटेला लावलं, आत्या आपल्या खोलीत गेल्यावर हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलं आणि दार लोटून उशा उसवायला बसले. रंगीबेरंगी ब्लाउजपीसांची नुसती रास झाली आणि मधोमध ज्वारीचा ढीग. अख्खं घर मोगऱ्याने घमघमत होतं. ते अत्तर तसंही उडालेलं नव्हतं, उलट जोर धरून बसलं होतं. हे मला मदत म्हणून शेजारी बसले आणि वासाने त्यांना डुलकी लागली.

बाळूभाऊजी दुपारी येणार होते. ते दुपार व्हायच्या आतच आले. आत्या त्यांच्या मागून डबा घेऊन हॉलमध्ये आल्या.

"बाळ्या, डबा हलका कसा लागतोय रे?"

आत्यांनी सुतळी सोडली, फडकं काढलं आणि डब्यात हात घातला. मग त्यांनी जमिनीवरच्या ढिगाकडे पाहिलं. मग कात्रीकडे. मग माझ्याकडे. मी तोंड उघडलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: वाण, व्हिडिओ, जवस, मोगरा, रिफिल, भाकऱ्या, अम्मवारू! सांगताना मला वाटत होतं की आत्या आता कडाडतील. त्या कडाडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गुडघे मोडून ढिगापाशी खाली बसल्या आणि त्यांनी एक मूठ उचलली.

"माज्या आईनं लग्नात पदराला बांधून दिलतं हे," एवढंच म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी तो हुरडा तोंडभर खाल्ला, पण तो पदराला बांधून आलाय हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मी आत्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

भाऊजींनी चार दाणे तळहातावर घेऊन वास घेतला आणि सटासट तीन शिंका दिल्या.

"वैनी, बियाला मोगरा?"

"चुकलं हो, भाऊजी."

"चुकलं ते चुकलं. पन हे उगवंल का न्हाई, ह्येची काय खात्री? तेलात भिजल्यालं बी कुजलं तर रान रिकामं पडंल की. उगवण बघायची म्हटलं तरी गोणपाटात गुंडाळून तीन-चार दिवस जात्यात. तवर वापसा थांबतोय व्हय?"

घरात सुतकी शांतता पसरली. ह्यांनाही जाग आली, म्हणजे शांतता किती असेल बघा! आणि तेवढ्यात दारावर थाप पडली. पद्माक्का होत्या. हातात पितळी ताट, ताटात हिरवी उशी.

"शैलाक्का, तुम्ही प्रसाद न घेता गेली. आणि उशा भरून देते म्हणून ग्रुपवर वाचलं, पण यात आता काय भरायचं?"

भाऊजी उठले. एरवी देवदर्शनालासुद्धा इतक्या लगबगीने जाताना मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं, खिडकीशी नेलं, कोंब बोटाने बाजूला करून करून बघितले, उशीच्या शिवणीत नख घालून आतलं पाहिलं.

"आई, हिकडं ये! एक दाना मोकळा न्हाई बग! सगळ्यांला मोड. अत्तर पिऊन उगवलंय की गं हे!"

आत्या उठून खिडकीशी गेल्या. त्यांनी कोंबांवरून बोट फिरवलं, अगदी बाळाच्या जावळावरून फिरवावं तसं, आणि मग पद्माक्कांना विचारलं, "तुमी पानी कवा कवा घालायच्या?"

"रोज दुपारी, आत्याबाई. आणि दिवा पण लावायची."

"बरं केलंत," आत्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा माफीला थोडी जागा दिसली. मी लगेच चहा टाकायला पळाले.

चहा झाल्यावर भाऊजींनी ज्वारी पोत्यात भरून हाताने उचलून अंदाज घेतला. शिंदेबाईंच्या भाकऱ्या गेल्या होत्या, पद्माक्कांची उशी उगवून गेली होती, आणि दोघी-तिघी उशा घेऊन माहेरी गेल्या होत्या. एकर पुरं पेरायला बी जरा कमी पडत होतं.

"आजून एक-दोन उशा आसत्या तर बांधाकडंची पट्टी बी झाली आसती," भाऊजी म्हणाले.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "आत्यांची उशी!"

मी धावत त्यांच्या खोलीत गेले. उशी पलंगावर नव्हती. गादीखाली नव्हती. परत येऊन बघते तर आत्या पदराखाली हात घेऊन बसल्या होत्या, आणि पदराखाली काहीतरी चौकोनी होतं.

"आत्या, तेवढी एक द्या ना. पट्टी पेरून होईल. मी तुम्हाला दुसरी शिवते, याहून चांगली."

"न्हाई."

"अगं आई, तुज्याच माहेरचं बी हाय की!" भाऊजी म्हणाले.

"म्हणूनच न्हाई! हितं चौथ्या मजल्यावर मला कदी धड झोप लागली न्हाई. कुणाला सांगितलं न्हाई म्हणून काय झालं? ही डोळ्यांवर घेतली की आईच्या खळ्यात निजल्यागत वाटतंय. त्या रानाचाच वास येतोय हिला." त्यांनी पदर घट्ट केला. "ऱ्हाऊ दे पट्टी मोकळी. माजी उशी मी देणार न्हाई."

तो वास विजापूर वेशीतल्या मोगऱ्याचा होता. हे मला माहीत होतं, ह्यांना माहीत होतं आणि शिंका देऊन लाल झालेल्या भाऊजींच्या नाकालाही माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेवर गप्प बसले.

कॉलनीच्या उशा मी स्वयंपाकघरातल्या ज्वारीने भरून परत केल्या, आणि रानात वापशावर पेरणी झाली. ज्वारी उगवली, पोटऱ्यात आली, कणसं भरली आणि थंडीत नेहमीसारख्या सोलापुरातून हुरड्याला गाड्या गेल्या. आम्हीही गेलो. हुरडा तितकाच गोड होता. मी वास घेऊन घेऊन पाहिला, मोगरा कुठेही नव्हता. डोक्याइतकी उंच ज्वारी सगळीकडे डुलत होती, फक्त बांधाकडेची एक लांबलचक पट्टी तेवढी उघडीबोडकी, तिच्यात गवताची काडी नाही. आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने भाऊजींना विचारलंच, "ही जागा का हो अशी मोकळी?"

"ती व्हय?" भाऊजी शेकोटीवर कणसं भाजता भाजता म्हणाले. "ती आमच्या वैनींची."

आता गावात सगळे तिला तसंच म्हणतात. गडीमाणसं एकमेकांना सांगतात, बैल शैलावैनीच्या पट्टीत बांध. तेव्हा मोहोळ तालुक्यात माझ्या नावाची जमीन आहे, हे मी कॉलनीत मोठ्या दिमाखात सांगत असते. तिच्यात काय पिकतं, असं कुणी विचारलं की मी त्यांना आणखी एक करंजी वाढते.